मेस्त्रींचं माप

कुठलीही वस्तू समोर आली की मेस्त्री आधी तिच्याकडे नुसते बघत राहत. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात तिचं माप धरत, आणि धरलेलं माप केसभर सैल करत. भांड्याचं झाकण असो, दाराची कडी असो, नाहीतर कुणाच्या तान्ह्या बाळाचं पाऊल असो. "आज एवढं आहे ना," असं म्हणत आणि बोटं आणखी थोडी फाकवून सांगत, "तर एवढं धर. निवलं की आटतं."

ज्याला ठाऊक नसे त्याला वाटे, म्हातारा काहीतरी बरळतोय. आम्हाला ठाऊक होतं. ते पॅटर्नमेकर होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या एका कारखान्यात आम्ही वीस वर्षं बरोबर काढली; मी ड्रॉइंग ऑफिसात, ते खाली पॅटर्न शॉपमध्ये. ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची, कुठलीही वस्तू करायची तर आधी ती लाकडात घडवावी लागते. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबून ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. पण बीड निवताना आकसतं. म्हणून लाकूड तेवढंच मोठं घडवायचं. त्यासाठी पट्टीसुद्धा वेगळी असते. तिच्यावरचा एक फूट आपल्या साध्या फुटाहून चिमूटभर लांब. साध्या पट्टीला मेस्त्रींनी उभ्या जन्मात हात लावला असेल असं मला वाटत नाही.

मेस्त्री हे नाव नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. खरं नाव मी लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे ते वाचल्यावर, का लिहीत नाही ते तुमच्या लक्षात येईल. ते मला 'नकाशे' म्हणत. माझं आडनाव नकाशे नाही. पण मी नकाशे काढतो म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी ते ठेवलं, आणि कॅन्टीनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी उचललं. एकदा तर मला कुणाच्या लग्नाची पत्रिकाही 'श्री. नकाशे' या नावाने आली होती.

नोकरीच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. मी मोठ्या दिमाखात पंपाच्या कवचाचं ड्रॉइंग करून खाली पाठवलं होतं. दुपारी मेस्त्री जिना चढून वर आले. भुवयांवर लाकडाचा भुसा. ड्रॉइंग माझ्या टेबलावर पसरलं आणि हळूच म्हणाले, "नकाशे, बोल्ट आत जाईल रे. पाना कुठून जाणार?" मी बघतच राहिलो. बोल्टला जागा ठेवली होती, तो आवळणाऱ्या हाताला ठेवली नव्हती. साहेब दोन टेबलं सोडून बसले होते. मेस्त्रींनी माझीच शिसपेन्सिल माझ्या हातात दिली. "कर दुरुस्त. कोणी बघत नाय." मी दुरुस्ती करेपर्यंत ते माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले, साहेबांना टेबल दिसू नये अशा बेताने. पाठ चांगली रुंद होती आणि त्यात शर्ट नेहमी एक नंबर मोठा.

सगळं मोठं घ्यायचं, ही त्यांची रीतच होती. चार पाहुणे येणार असले तर बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, सहा जणांचं करायला सांगत. वेळ द्यायची तर दहाला येतो म्हणून साडेनऊला हजर. युनियनच्या सभेत पुढारी मोठमोठी आश्वासनं देऊ लागले की सगळे टाळ्या पिटत, हे मागे उभे राहून म्हणत, "गरम आहे अजून. निवू दे." माझं लग्न ठरलं तेव्हा इतरांनी मला नाही नाही ते सल्ले दिले. मेस्त्री म्हणाले, "धीर थोडा जास्तीचा धर. लागतो." तीस वर्षांच्या संसारात याहून उपयोगी वाक्य मला कोणी ऐकवलेलं नाही.

मग कारखाना गेला. वागळे इस्टेट ज्यांनी अलीकडेच पाहिली आहे त्यांना खरं वाटणार नाही, पण तिथल्या रस्त्यांना एके काळी नाकानेच ओळखता यायचं. एका रस्त्यावर बिस्किटांचा वास, पुढच्यावर रबराचा, आमच्यावर जळक्या वाळूचा. आमची बीड ओतायची फाउंड्री बंद झाली, जमीन विकली गेली आणि तिथे काचेची इमारत उभी राहिली. तळमजल्यावर कॉफीचं दुकान आहे. मी एकदा हौसेने आत जाऊन बसलो आणि अंदाज घेतला. भट्टी होती तिथे आता केकचं कपाट आहे. मेस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "बरं आहे की. गरमच असतं ना काहीतरी तिथे?"

त्यांनी जवळच्या गल्लीत अर्धा गाळा घेतला आणि किरकोळ कामं करू लागले. देवळाच्या घंटेचा पॅटर्न, जुन्या यंत्राचा मोडलेला दात, बाकाचा पाय. मी स्टेशनजवळच्या एका सल्लागार आर्किटेक्टच्या कचेरीत लागलो. तिथे पेन्सिल कोणी वापरत नव्हतं. मी पंचेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकलो, आणि ती नोकरी मी दातांनी धरून ठेवली होती, हेही सांगून टाकतो.

आता तळ्याकडे येतो. जुन्या ठाण्यात तळ्यांना तोटा नाही, त्यामुळे कोणतं ते सांगत नाही. त्याच्या काठाला काळ्या दगडाचे खांब आहेत, आणि दोन खांबांच्या मध्ये बिडाची जाळी. जाळीत वेलबुट्टी आणि मधोमध कमळ. कोणी, केव्हा बसवली याचा पत्ता नाही. माझ्या आजोबांनीही ती तशीच पाहिली होती. खांबांना उभी खाच आहे, त्या खाचेत जाळी सरकवून बसवलेली. ना स्क्रू, ना वेल्डिंग. पण गेल्या काही वर्षांत भंगारवाल्यांनी एकेक जाळी पळवली आणि काठ बोळक्या तोंडासारखा दिसू लागला.

मग सुशोभीकरणाची योजना आली आणि रेखाटनांचं काम आमच्या कचेरीला मिळालं. पहिल्या बैठकीला मी होतो. काठावरचे दुकानदार म्हणाले, कठडाच नको, गिऱ्हाईक अडतं. फुलवाल्या बायका म्हणाल्या, कठडा ठेवा, पण आम्हाला हलवू नका, आम्ही हार त्यालाच अडकवतो. पर्यटनाचं बघणारे एक गृहस्थ होते, त्यांना रंग बदलणारे दिवे हवे होते आणि फोटो काढायला एक चौथरा. वारशाचं काम करणाऱ्या एक तरुण आर्किटेक्ट बाई होत्या. त्यांचं म्हणणं एकच: जाळी पुन्हा बिडाचीच बसवा आणि दगडाला छिन्नी लावू नका. तळं सगळ्यांना हवं होतं, पण आपापल्या मापाचं.

बाईंनी विचारलं, "असा पॅटर्न करणारं कोणी उरलंय का हो इथे?" मी हात वर केला. त्या बैठकीत माझी छाती जरा फुगली होती, हे कबूल करतो.

मेस्त्री तेव्हा पंच्याहत्तरीला आले होते. मी त्यांना तळ्यावर घेऊन गेलो. ते उरलेल्या एका जाळीपुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ कमळावरून अंगठा फिरवत राहिले. "चांगला हात होता रे," एवढंच म्हणाले. मग दोन-दोन खांबांमधली जागा एकेक करून मोजली. खांब जुन्या माणसांनी डोळ्याच्या अंदाजाने रोवलेले, त्यामुळे अंतरं सारखी नव्हती. तीन मापं निघाली, म्हणजे तीन पॅटर्न. उठताना त्यांनी मला बजावलं. "बिडाचं असेल तर करतो. प्लॅस्टिकला माझा हात नको हां, नकाशे."

लाकूड आणलं गेलं. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर कंत्राटदाराचं पत्र आलं. जाळी बिडाची न करता फायबरची करायची, वरून काळा रंग, दिसायला हुबेहूब. कारणं तीन. एक, बीड पुन्हा चोरीला जाईल, फायबर कोण चोरणार. दोन, ठाण्यात आता फाउंड्री राहिली नाही. तीन, उद्घाटनाची तारीख ठरली होती. वरपासून खालपर्यंत मंजुरीच्या सह्या होत्या, आणि 'संबंधितांना कळवावे' असा शेरा माझ्या नावाने होता.

मी कळवलं नाही.

सांगितलं तर ते काम सोडतील, ही मला खात्री होती. मग बैठकीत मीच तोंडघशी पडणार. आणि दुसरंही होतं. त्या दिवसांत गाळ्यावर गेलं की मेस्त्री ताज्या सागाच्या वासात बसलेले दिसत. चष्मा नाकावर, जीभ दातांत धरलेली, समोर कमळाची एकेक पाकळी उमलत असलेली. काकी म्हणत, "हल्ली जेवायला बोलवायला लागतं. आधी वेळेआधी हजर असायचे." त्यांचा हा आनंद मोडायचा कसा, असं मी स्वतःला सांगत होतो. काम तर होऊ दे, मग सावकाश बोलू. आपण आपल्या भित्रेपणाला किती चांगली नावं देतो, हे तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेल.

मापाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. वीस वर्षं ज्याने दिवसातून दहा वेळा "निवलं की आटतं" ऐकलं, त्या माझ्या टाळक्यात हे शिरलं नाही, की बीड आटतं आणि फायबर आटत नाही.

पॅटर्न पुरे झाले, कंत्राटदाराने त्यांवरून फायबरच्या जाळ्या काढून घेतल्या, आणि एका सकाळी त्या भरून टेम्पो तळ्यावर आला. मजुरांनी पहिली जाळी उचलून खांबांपाशी नेली आणि ती खाचेत जाईना. बोटभर मोठी. दुसरी लावून पाहिली, तीही बोटभर मोठी. अठराच्या अठरा तशाच. तासाभरात सगळे गोळा झाले: कंत्राटदार, आर्किटेक्ट बाई, पर्यटनवाले गृहस्थ, आमच्या कचेरीचे साहेब, शिवाय फुलवाल्या आणि दुकानदार फुकटचा तमाशा बघायला. मेस्त्रींना रिक्षाने बोलावून आणलं.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "सोपं आहे, साहेब. दगडाच्या खाचा ग्राइंडरने वाढवून घेऊ. दोन दिवसांत काम." बाई खांबापुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दगडाला हात लावायचा नाही." आमच्या साहेबांनी ड्रॉइंग उघडलं, मापं पडताळली. ड्रॉइंग बरोबर होतं. म्हणजे चूक पॅटर्नची. "मेस्त्री, हे मोठं कसं झालं?"

 मेस्त्री जाळीजवळ गेले आणि कमळावर बोटाच्या पेराने टकटक केलं. पोकळ, हलका आवाज आला. त्यांनी हात मागे घेतला. त्यांना सगळं त्या आवाजातच कळलं, हे मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं.

साहेब माझ्याकडे वळले. "जाळी फायबरची आहे हे यांना सांगितलं होतंस ना? शेरा तुझ्या नावाने होता."

 डोळ्यांपुढे कचेरीतली माझी खुर्ची आली, मुलीचं कॉलेज आलं, आणि माझं वय आलं. त्या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? मी "हो" म्हणालो नाही. "नाही"सुद्धा म्हणालो नाही. मेस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलेलं त्याने," ते म्हणाले. "मीच विसरलो. वय झालं आता."

 दुकानदारांपैकी एक जण हसला. साहेबांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. पंचावन्न वर्षं ज्या माणसाचं माप चुकलं नव्हतं, त्याने चारचौघांत ते चुकलं म्हणून सांगितलं, आणि मी तिथे उभा राहून ते ऐकून घेतलं.

"दगड कापू नका," ते बाईंना म्हणाले. "पॅटर्न मला परत द्या. मी लहान करून देतो." त्यांनी तिन्ही पॅटर्न गाळ्यावर नेले, सांधे उकलले, वेलीच्या देठाला कापलं, पुन्हा जुळवलं. आठ दिवस लागले. मी रोज जाऊन उभा राहत होतो. ते मला पकड आण, सरस दे, एवढंच सांगत. चौथ्या दिवशी मी तोंड उघडलं, "मेस्त्री, मी..." तर म्हणाले, "तो पटाशीचा डबा दे इकडे." मला वाटलं, त्यांना ऐकायचं नाही. तसं समजणं मला सोयीचंही होतं.

नव्या जाळ्या खाचेत बसल्या. उद्घाटन झालं. आज संध्याकाळी तिथे गेलात तर पोरंपोरी कमळाला टेकून फोटो काढताना दिसतील. दिवे जांभळे होतात, मग हिरवे होतात. फुलवाल्यांनी आपली जागा सोडलेली नाही. दुकानांत गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा जास्त आहे. दगडाला ओरखडाही नाही. सगळ्यांना थोडं थोडं मिळालं.

गेलं ते मेस्त्रींचं. ठाणं कितीही वाढलं तरी एका धंद्याचं गाव लहानच असतं. "मेस्त्रींचं माप चुकतं हल्ली," ही बातमी गल्लीतून गल्लीत गेली. देवळाच्या विश्वस्तांनी घंटेचं काम दुसरीकडे दिलं. यंत्राचे दात येईनासे झाले. एकदा माझ्यासमोर एक ओळखीचा वेल्डर म्हणाला, "हात चांगला होता, पण आता विसरतो म्हातारा." मी खाली बघत चहा पीत राहिलो. वर्षभरात त्यांनी गाळा सोडला आणि टिटवाळ्याला मुलाकडे राहायला गेले.

दोन वर्षं मी तिकडे गेलो नाही. फोन करायचो. काकीच उचलायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, यांचं काहीतरी झालंय. सगळं दोनदोनदा मोजतात. गोळ्या मोजतात, मग मला मोजायला लावतात. दाराला कडी लावली का, ते चार वेळा उठून बघतात. म्हणतात, मी विसरतो ना."

त्या रविवारी मी टिटवाळ्याला गेलो. नवी इमारत, पाचवा मजला, खिडकीतून समोर आणखी तीन इमारतींचे सांगाडे. मेस्त्री पलंगावर टेकून बसले होते. बारीक झाले होते, पण मला पाहून हसले. "ये रे नकाशे." काकी स्वयंपाकघरात गेल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"एक विचारू? खरं सांग हां. त्या जाळीचं तू मला सांगितलेलंस, नाय का?"

 आधी मला वाटलं, ते मला अजून वाचवतायत, नाहीतर चिमटा काढतायत. पण नाही. त्यांचे डोळे खरोखर विचारत होते.

"तेव्हा मी म्हणालो की तू सांगितलेलंस आणि मी विसरलो," ते म्हणाले. "पण आता मला आठवत नाय, ते मी तुझ्यासाठी बोललो की खरंच विसरलेलो. सगळे म्हणतात विसरतो. मी आठवून बघतो. तू गाळ्यावर आलेलास ते आठवतं, चहा घेतला ते आठवतं. तू सांगितलंस ते काही केल्या आठवत नाय. म्हणजे विसरलोच असणार. नाय का?"

ते माझ्यासाठी एक वाक्य बोलले होते. मी ते तीन वर्षं तसंच राहू दिलं, आणि त्याने त्यांना आतून पोखरलं होतं.

"नाही मेस्त्री," मी म्हणालो. "मी सांगितलंच नव्हतं. पत्र माझ्या टेबलावर होतं. मी घाबरलो आणि सांगितलं नाही. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

"एकदाही नाय सांगितलंस?"

"एकदाही नाही."

"मग ते बिडासाठी बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं."

 मी वाट बघत होतो, आता ते मला काहीतरी बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर मी डोक्यावर घेतल्या असत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते सुख होतं, दुसरा शब्द मला सापडत नाही. त्यांनी मोठ्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? याने मला सांगितलंच नव्हतं!"

काकी पिठाच्या हातांनी दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. "मी विसरलो नव्हतो," मेस्त्री त्यांना समजावून सांगत होते. "याने सांगितलंच नाय, तर मी विसरणार काय?" मग बाहेर गेलेल्या मुलाला फोन लावायला लावला आणि त्यालाही हेच सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नसावं. माझा अपराध ते घरभर आनंदाने वाटत होते, आणि मला आयुष्यात कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं, इतकी लाजही वाटत होती.

काकी मला इतकंच म्हणाल्या, "जेवून जा."

महिन्याभराने मेस्त्री गेले. मी सांत्वनाला गेलो. निघताना काकी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आलेलात ना, त्या दिवसापासून कडी बघायला उठले नाहीत. रोज दोन घास जास्त जेवायचे."